समुद्रावरची वाट : दुर्गम भागातील हेलिकॉप्टर-सेवेचे सुरुवातीचे दिवस



हेलिकॉप्टर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मंत्री येतात, निवडणुकीची सभा येते, नाहीतर सिनेमातला नायक येतो. सिल्वासाच्या आकाशात घरघर ऐकू आली की मुले वर्गाच्या खिडकीकडे धावतात आणि "आज कोण आले असेल?" असे एकमेकांना विचारतात. पण हे यंत्र बड्या लोकांच्या सोयीसाठी जन्मले नाही. जिथे रस्ता नाही, रेल्वे नाही, विमानाला धावायला पट्टी नाही, तिथे माणूस आणि औषध पोहोचवणे हे त्याचे खरे काम. आपल्या देशात हे काम व्यवसाय म्हणून कसे सुरू झाले, त्यात काय चुकले आणि त्यातून काय शिकता येते, हे या पाठात पाहू. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी तो विज्ञान आणि भूगोल या दोन्ही विषयांना जोडून वाचावा.

हेलिकॉप्टर उडते कसे?

विमानाचे पंख स्थिर असतात. पंखांवरून हवा वेगाने वाहावी म्हणून विमानाला धावावे लागते, म्हणून त्याला लांब धावपट्टी लागते. हेलिकॉप्टरमध्ये पंखच फिरतात. डोक्यावरचा मोठा पंखा म्हणजे दोन, तीन, चार किंवा अधिक अरुंद पंख. ते गोल फिरताना हवेला खाली ढकलतात आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा यंत्राला वर ढकलते.

याच नियमामुळे एक अडचणही होते. इंजिन पंख्याला एका दिशेने फिरवते, तेव्हा खालचे धड उलट्या दिशेने गरगरू पाहते. ते रोखण्यासाठी शेपटीवर छोटा उभा पंखा बसवतात. वैमानिकाच्या डाव्या हाताशी एक दांडा असतो. तो वर ओढला की सर्व पात्यांचा तिरपेपणा वाढतो आणि हेलिकॉप्टर वर जाते. उजव्या हातातल्या दांड्याने ते पुढे, मागे किंवा बाजूला झुकवता येते, आणि पायांनी शेपटीचा पंखा सांभाळायचा असतो. म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सतत कामात. हवेत एका जागी थांबणे पाहायला सोपे वाटते, पण इंजिनाची सर्वांत जास्त ताकद जिथे खर्च होते अशा कामांपैकी ते एक आहे.

इंजिन बंद पडले तर काय, असे विद्यार्थी विचारतात. खाली येताना खालून वर जाणारी हवा पंख्याला फिरवत ठेवते आणि कुशल वैमानिक त्या जोरावर यंत्र हळू उतरवू शकतो. वाऱ्यावर गिरक्या घेत खाली येणारी सपक्ष फळे आपण पाहतो, तसेच काहीसे.

हवा तापली की काय होते?

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण पुढची सारी गोष्ट याच्यावर उभी आहे. समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस तापमानात एक घनमीटर हवेचे वस्तुमान 1.225 किलोग्रॅम असते. तापमान 35 अंश झाले की ते सुमारे 1.145 किलोग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ साडेसहा टक्क्यांनी घट. डोंगरावर गेलो तर हवा आणखी विरळ. पंख्याला ढकलायला हवाच कमी मिळते आणि इंजिनालाही कमी हवा मिळते.

ढोबळ हिशेब करू. 4000 किलोग्रॅम वजन उचलणारे हेलिकॉप्टर घ्या. उचल साडेसहा टक्क्यांनी घटली तर 260 किलोग्रॅम वजन कमी घ्यावे लागेल. सामानासह एक माणूस 85 किलोग्रॅम धरला तर तीन माणसे खालीच राहिली. युरोपातल्या थंड हवेत दहा माणसे नेणारे यंत्र आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी तेवढीच माणसे नेईल, असे गृहीत धरता येत नाही.

आरंभ : ब्रह्मदेशाचे रान आणि कॅनडाचे डोंगर

इगोर सिकॉर्स्की यांच्या व्हीएस-300 या हेलिकॉप्टरने 14 सप्टेंबर 1939 रोजी अमेरिकेत पहिल्यांदा जमीन सोडली. पाचच वर्षांनी, एप्रिल 1944 मध्ये, हे नवे यंत्र आपल्या शेजारी ब्रह्मदेशाच्या जंगलात कामाला आले. शत्रूच्या मुलखात एक छोटे विमान पडले होते आणि त्याचा वैमानिक व तीन जखमी सैनिक अडकले होते. आसाममधील लालाघाट येथून अमेरिकन वैमानिक कार्टर हार्मन सिकॉर्स्कीचे आर-4 हेलिकॉप्टर घेऊन गेले. इंजिन सुमारे 200 अश्वशक्तीचे, हवा उष्ण आणि दमट. एका खेपेत एकच माणूस उचलता येत होता. चार माणसांसाठी चार खेपा कराव्या लागल्या, मधेच तापलेले इंजिन थंड होईपर्यंत थांबावेही लागले. तापलेल्या हवेचा आपला हिशेब इथे प्रत्यक्षात दिसतो.

युद्ध संपल्यावर 8 मार्च 1946 रोजी अमेरिकेत बेल-47 या हेलिकॉप्टरला नागरी वापराचा पहिला परवाना मिळाला. आता प्रश्न होता तो याच्या जोरावर पोट कसे भरायचे? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील कार्ल एगार आणि त्यांच्या साथीदारांनी 1947 साली एक बेल-47 घेतले. आधी फळबागांवर औषध फवारण्याचे काम केले. मग मोजणी खात्याची माणसे व उपकरणे डोंगरमाथ्यावर पोहोचवण्याचे काम हाती घेतले. पायी जिथे कित्येक दिवस लागत, तिथे मिनिटांत पोहोचता येऊ लागले. विरळ हवेत आणि दऱ्यांतल्या वाऱ्यात कसे उतरायचे याची रीत एगार यांनी प्रत्यक्ष उडून बसवली, आणि पुढे ती इतर वैमानिकांना शिकवली गेली. किटिमॅट आणि केमानो येथील अॅल्युमिनियम व वीज प्रकल्पाच्या कामात 1950 च्या दशकात या कंपनीची हेलिकॉप्टरे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. दुर्गम भागात काम करायचे तर यंत्राइतकीच त्या भागाची माहिती लागते, हे जगाला तेव्हा कळले.

भारतात हवाई दलाकडे पहिले हेलिकॉप्टर, सिकॉर्स्की एस-55, 1954 साली आले. आपल्या वाचकांना या वर्षाची वेगळी ओळख सांगायला नको. 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा पोर्तुगीजांपासून मुक्त झाले, ते याच वर्षी.

अरबी समुद्रातले तेल

1973 साली जगात तेलाच्या किमती काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाल्या. परदेशी तेलावर जगणाऱ्या आपल्या देशाला त्याचा मोठा फटका बसला. अशा वेळी फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या तरंगत्या वेधन-यंत्राने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल शोधले. हेच बॉम्बे हाय, आजचे मुंबई हाय. मे 1976 मध्ये तिथून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले.

आता कल्पना करा. भर समुद्रात लोखंडी खांबांवर उभा असलेला एक मोठा मंच. त्यावर यंत्रे, राहण्याच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि शेकडो माणसे. तिथले कर्मचारी साधारण 14 दिवस काम करतात आणि 14 दिवस घरी येतात. म्हणजे दर पंधरवड्याला माणसांची अदलाबदल. बोटीने रात्रभर लाटा खात जायचे, आणि पोहोचल्यावर क्रेनला टांगलेल्या टोपलीत उभे राहून मंचावर चढायचे. पावसाळ्यात तर तेही धोक्याचे. हेलिकॉप्टरने हाच प्रवास तासाभराचा होतो. आपण डोंगराळ मुलूख म्हणजे दुर्गम असे समजतो. पण मुंबईच्या किनाऱ्यापासून 160 किलोमीटरवरचा तो मंच कुठल्याही डोंगरी पाड्याइतकाच दुर्गम होता.

पवन हंस

सुरुवातीच्या काळात तेल आयोगाला परदेशी कंपन्यांची हेलिकॉप्टरे भाड्याने घ्यावी लागत. देशाच्या इंधनाची नाडी परक्या हातात असणे बरे नव्हे, शिवाय परकीय चलनही खर्च होई. म्हणून केंद्र सरकारने 15 ऑक्टोबर 1985 रोजी 'हेलिकॉप्टर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया' ही कंपनी स्थापन केली. तीच पुढे 'पवन हंस' झाली. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, पण हे नाव समजायला हिंदीची गरज नाही. वाऱ्यावर उडणारा हंस मराठी मुलालाही लगेच कळतो.

तारखेचा योगायोग पाहा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन छोट्या विमानाने मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले होते. भारतातील नागरी हवाई वाहतुकीचा तो आरंभ मानला जातो. 53 वर्षांनी त्याच तारखेला स्थापन झालेल्या या कंपनीचे मोठे ठाणे त्याच जुहूला झाले. 1986 साली समुद्रावरची उड्डाणे सुरू झाली. समुद्राखेरीज ईशान्येकडची राज्ये, अंदमान, लक्षद्वीप अशा ठिकाणीही पवन हंसची सेवा पोहोचली. बेटावरचा अत्यवस्थ रुग्ण कोचीच्या मोठ्या रुग्णालयात नेणे, हे लक्षद्वीपमधले तिचे एक महत्त्वाचे काम.

वेस्टलँडचा धडा

कंपनीसाठी दोन जातींची हेलिकॉप्टरे आली. एक फ्रान्सचे डॉफिन, दुसरे ब्रिटनचे वेस्टलँड-30. वेस्टलँडची 21 हेलिकॉप्टरे सुमारे 6.5 कोटी पौंडांना घेण्याचा करार 1986 साली झाला. हे पैसे ब्रिटन भारताला देत असलेल्या मदतीतून यायचे होते. भारतातील जाणकारांना या यंत्राविषयी शंका होत्या आणि 1985 मध्ये भारत हा सौदा सोडून देण्याच्या विचारात होता. पण खरेदी झाली नाही तर मदतीची ती रक्कमही मिळणार नाही, असा दबाव ब्रिटिश सरकारकडून आला आणि खरेदी झाली.

पुढे काय झाले? आपल्या उष्ण हवेला आणि डोंगराळ भागाला या यंत्राची ताकद अपुरी पडते, अशा तक्रारी येऊ लागल्या. 1988 मध्ये जम्मूत वैष्णोदेवीजवळ आणि 1989 मध्ये नागालँडमध्ये असे दोन अपघात झाले. त्यांत मिळून 10 जणांचा मृत्यू झाला. 1991 साली ही सर्व हेलिकॉप्टरे जमिनीवर बसवण्यात आली. 1993 मध्ये उरलेला ताफा सुट्या भागांसह अवघ्या 9 लाख पौंडांना विकला गेला. डॉफिन मात्र पुढे कित्येक वर्षे मुंबई हायच्या फेऱ्या करत राहिले.

मुलांनो, 6.5 कोटी आणि 9 लाख यांचे गुणोत्तर काढून पाहा. मूळ किमतीच्या दीड टक्काही हाती आला नाही. "फुकट मिळते ना, मग घेऊन टाकू" हा विचार घरात आणि देशात सारखाच महाग पडतो. वस्तू कोण देतो यापेक्षा आपल्याला काय लागते हे आधी पाहायला हवे, आणि ते ठरवताना रोज त्या वस्तूवर काम करणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकायला हवे.

हेलिकॉप्टर न उडण्याचीही किंमत

27 जुलै 2005. आदल्या दिवशीच मुंबईत अतिवृष्टीने हाहाकार केला होता. मुंबई हायजवळच्या 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका आचाऱ्याच्या हाताची बोटे कापली गेली. त्याला उपचारासाठी न्यायचे होते, पण पावसाळी हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळू शकले नाही. म्हणून त्याला क्रेनच्या टोपलीतून उत्तरेकडील मंचावर चढवण्यासाठी जहाज मंचाजवळ आणले गेले. उसळत्या समुद्रात जहाज मंचाच्या वायुवाहिनीवर आदळले, गळती होऊन आग भडकली आणि तासाभरात, दोन तासांत संपूर्ण मंच जळून गेला. 384 जणांपैकी 362 जण वाचले आणि 22 जण गेले. एका माणसाच्या बोटांची जखम आणि एक न झालेले उड्डाण यांतून एवढी मोठी घटना घडली.

उड्डाणातही धोका असतोच. 11 ऑगस्ट 2003 रोजी तेल कर्मचाऱ्यांना घेऊन जाणारे हेलिकॉप्टर मुंबईजवळ समुद्रात कोसळून 27 जणांचा मृत्यू झाला. 13 जानेवारी 2018 रोजी जुहूहून निघालेले डॉफिन समुद्रात पडले आणि सर्व 7 जण दगावले. ती जागा आपल्या शेजारच्या डहाणूच्या किनाऱ्यासमोरची. 28 जून 2022 रोजी आणखी एक हेलिकॉप्टर मंचाजवळ समुद्रात उतरले. त्यातील 9 पैकी 5 जणांना वाचवता आले, 4 जणांना नाही. त्या यंत्राला आपत्काळी फुगणारे तरंगे होते, आणि मदतीची नौका जवळ होती.

म्हणून समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येकाला आधी प्रशिक्षण घ्यावे लागते. पाण्यात उलट्या झालेल्या नमुना-कक्षातून श्वास रोखून, पट्टा सोडून, खिडकीतून बाहेर कसे यायचे हे प्रत्यक्ष करून घेतात. गोव्यात बेतुल येथे ओएनजीसीचे सागरी बचाव-प्रशिक्षण केंद्र फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाले. हेलिकॉप्टरमध्ये चढण्यापूर्वी सामानासह प्रत्येकाचे वजन होते. साहेब असो की आचारी, काटा सगळ्यांना सारखाच. शाळेत आग लागल्यास रांगेने बाहेर पडण्याचा सराव आपण घेतो, तेव्हा काही मुले हसतात. त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आपला प्रदेश आणि 'दुर्गम' हा शब्द

26 जानेवारी 2020 पासून दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. दमण आणि दीव यांच्या मधे खंभातचे आखात आहे. सरळ आकाशातून अंतर सुमारे 200 किलोमीटर, पण आखाताला वळसा घालून रस्त्याने जायचे तर सहाशेहून अधिक. या दोन ठिकाणांना जोडणाऱ्या पवन हंसच्या हेलिकॉप्टर-सेवेचा आरंभ 24 फेब्रुवारी 2018 रोजी झाला. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या जंगलातील मतदान केंद्रांवर निवडणुकीचे कर्मचारी आणि यंत्रे हेलिकॉप्टरने पाठवतात. समुद्र, रान आणि डोंगर, तिन्ही ठिकाणी गरज एकच आहे.

मग मधुबन जलाशयाच्या काठी, दुधनी आणि सिंदोनीच्या बाजूला डोंगरात राहणाऱ्या माणसासाठी हेलिकॉप्टर हवे का? मला वाटते, आधी प्रश्न नीट मांडावा. हेलिकॉप्टर एक तास उडवण्याचा खर्च लाखाच्या घरात जातो. रात्री, दाट ढगांत किंवा मुसळधार पावसात, म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हा, ते येईलच असे नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला पाड्यावरून खानवेलला आणि तिथून सिल्वासाच्या विनोबा भावे रुग्णालयात वेळेवर आणायचे, तर बारमाही रस्ता, ओढ्यावरचा पूल, भरवशाची रुग्णवाहिका आणि गावातच राहणारी परिचारिका या गोष्टी आधी लागतात. जिथे रस्ता करणेच शक्य नाही, किंवा पुराने तो तुटला आहे, तिथे हेलिकॉप्टरला पर्याय नाही. वेस्टलँडचा धडा इथेही लागू आहे. कोणती वस्तू झगमगीत आहे हे न पाहता आपली नड कोणती आहे ते पाहावे.

पालकांना एक विनंती. ज्या मुलांना यंत्रांची आवड आहे, त्यांना वैमानिक हा एकच मार्ग आहे असे सांगू नका. एका हेलिकॉप्टरच्या मागे देखभाल करणारे अभियंते व तंत्रज्ञ, हवामानाचा अंदाज देणारे, संपर्क सांभाळणारे, बचावकार्य करणारे असे अनेक लोक उभे असतात. त्यांच्या सहीशिवाय यंत्र जमीन सोडत नाही. या वाटेला जायचे तर गणित आणि भौतिकशास्त्र यांची भीती आठवीतच काढून टाकावी लागते. मुलींनीही ही वाट आपली नाही असे समजू नये.

स्वाध्याय

1. तापमान 15 अंशांवरून 35 अंश झाले तर हवेची घनता का घटते? दहावीच्या विद्यार्थ्यांनी कारण लिहावे.
2. कागदाची दोन पाती कापून, खाली टाचणी लावून छोटा भिरभिरा करा. तो उंचावरून सोडा. पाती लांब केली, आखूड केली, टाचण्या वाढवल्या, तर पडायला लागणारा वेळ कसा बदलतो याची नोंद ठेवा.
3. नकाशात जुहू, मुंबई हाय, डहाणू, दमण आणि दीव दाखवा. दमण ते दीव सरळ अंतर प्रमाणानुसार मोजा.
4. तुमच्या पाड्यापासून किंवा मोहल्ल्यापासून सर्वांत जवळचे रुग्णालय किती दूर आहे? पावसाळ्यात रात्री दोन वाजता तिथे जायला किती वेळ लागेल? घरच्या मोठ्या माणसांना विचारून लिहा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. ती एकत्र करून शाळेचा एक नकाशा तयार करू, आणि ज्या वाटेवर सर्वांत जास्त वेळ लागतो तिची माहिती मुलांच्याच हस्ताक्षरात ग्रामपंचायतीकडे आणि आरोग्य खात्याकडे पाठवू.

— मुख्याध्यापक